ट्रॅक सुटलेला ग्रेहाउंड

मकावमधला कॅनिड्रोम हा ग्रेहाउंड शर्यतींचा ट्रॅक जुलै 2018 मध्ये बंद झाला आणि तिथल्या कोठड्यांमध्ये पाचशेहून अधिक कुत्री मागे उरली. या ट्रॅकवर आलेला कुत्रा सहसा जिवंत बाहेर पडत नाही, अशी त्याची अनेक वर्षांची ख्याती होती. ‘अनिमा’ या स्थानिक प्राणिसंस्थेने परदेशी संस्थांना हाताशी धरून या कुत्र्यांची जबाबदारी घेतली. त्यांच्या तपासण्या झाल्या, नसबंदी झाली, आणि एकेक करून ती इटली, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका अशा देशांतल्या घरांमध्ये पोहोचली. आयुष्यभर सिमेंटची कोठडी आणि वाळूचा ट्रॅक एवढेच पाहिलेली ही कुत्री काही महिन्यांत सोफ्यावर पाय पसरून झोपू लागली. ग्रेहाउंड किती सोसू शकतो आणि त्यातून किती सावरू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण अलीकडच्या काळात नाही.

ही वेळ आता आणखी हजारो कुत्र्यांवर येते आहे. फ्लोरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये शर्यतींविरुद्ध कौल दिला आणि 2020 च्या अखेरीस तिथल्या शर्यती थांबल्या. त्यावेळी अमेरिकेतल्या 17 ट्रॅकपैकी 11 एकट्या फ्लोरिडात होते. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर 2024 मध्ये शर्यती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, तर 2025 मध्ये वेल्स सरकारने बंदीची घोषणा केली. जिथे शर्यती चालू आहेत त्या ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि इंग्लंडमध्येही दरवर्षी मोठ्या संख्येने कुत्री निवृत्त होतात. साधारण दीड वर्षाचा असताना ग्रेहाउंड धावायला लागतो आणि दुखापत झाली नाही तरी चार-पाच वर्षांचा होईपर्यंत त्याची कारकीर्द संपते. एरवी त्याचे आयुष्य दहा ते तेरा वर्षांचे. म्हणजे ट्रॅकपेक्षा घरातच त्याला जास्त वर्षे काढायची असतात. मेलबर्न, सिडनी, लंडनच्या उपनगरांत राहणारी मराठी कुटुंबेही असा कुत्रा घरी आणण्याचा विचार करतात, कारण तो घरात शांत असतो, फारसा भुंकत नाही आणि फ्लॅटमध्येही राहतो.

मात्र त्याची तब्येत सांभाळताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. ग्रेहाउंडला ग्रेहाउंडच्याच मापाने मोजावे लागते. त्याचे रक्त, हृदय, कातडी, औषध पचवण्याची यकृताची ताकद आणि झोपण्याची तऱ्हा, यांतले बरेचसे लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डपेक्षा निराळे असते. हे निराळेपण म्हणजे आजार नव्हे. ते ठाऊक नसले की निरोगी कुत्र्यावर उपचार होतात आणि खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष होते. दोन्ही प्रकार सर्रास घडतात.

रक्ततपासणीचेच पाहा. साधारण कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण 37 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान असते. ग्रेहाउंडमध्ये ते 50 ते 65 टक्के असणे स्वाभाविक आहे, कारण धावताना स्नायूंना प्राणवायू पुरवणारे रक्त पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून असे दाट झाले आहे. याच कुत्र्याच्या अहवालात तांबड्या पेशी 40 टक्के आल्या तर प्रयोगशाळेचा छापील तक्ता त्याला ‘नॉर्मल’ ठरवेल, पण तो कदाचित रक्तक्षयाकडे झुकलेला असेल. उलट प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी ग्रेहाउंडमध्ये मुळातच कमी असतात. लाखाच्या आसपास प्लेटलेट दिसल्या की गोचिडांमुळे होणाऱ्या आजाराचा संशय घेतला जातो. ज्या भागात गोचिडांचा उपद्रव आहे तिथून आलेल्या कुत्र्याची ती चाचणी अवश्य करावी, पण केवळ आकडा पाहून औषध सुरू करू नये. क्रिएटिनिन थोडे वर असते म्हणून मूत्रपिंड बिघडले असे होत नाही. हृदय आकाराने मोठे असते आणि त्यातून हलकी घरघर ऐकू येऊ शकते. दवाखान्यात शिरताच त्याचा रक्तदाबही इतरांपेक्षा जास्त चढतो.

सर्वाधिक घोळ थायरॉइडचा. टी-4 हे संप्रेरक निरोगी ग्रेहाउंडमध्ये इतके कमी असते की काही अहवालांत ते जवळजवळ सापडतच नाही. त्यातच या कुत्र्यांच्या मांड्यांच्या मागच्या बाजूचे केस पुष्कळदा गळलेले असतात. विरळ केस आणि कमी टी-4 एकत्र दिसले की थायरॉइडची गोळी जन्मभरासाठी लागू होते. वजन वाढणे, मंदपणा, वाढलेले कोलेस्टेरॉल, टीएसएच आणि मुक्त टी-4 यांचा एकत्र विचार केल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये. ओहायो स्टेट विद्यापीठात डॉ. गिलेर्मो कूटो यांनी निवृत्त ग्रेहाउंडसाठी खास आरोग्य उपक्रम चालवला आणि या सगळ्या मूल्यांचा पाया घातला. पशुवैद्याने ग्रेहाउंड फारसे पाहिलेले नसतील तर ‘ग्रेहाउंडसाठीची संदर्भमूल्ये पाहाल का?’ असे मोकळेपणाने विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. कुत्रा घरी आला, स्थिरावला आणि निरोगी आहे अशा वेळी एकदा संपूर्ण रक्ततपासणी करून तो अहवाल जपून ठेवावा. पुढे आजारपणात तुलनेला त्याचे स्वतःचे आकडे हाताशी असणे फार मोलाचे ठरते.

शस्त्रक्रियेच्या वेळी तर हे निराळेपण जिवावर बेतू शकते. पूर्वी कुत्र्यांना भूल देण्यासाठी थायोपेंटलसारखी औषधे सर्रास वापरत. ग्रेहाउंड या औषधांतून उठायला कित्येक तास घेत. अंगात चरबी कमी हे एक कारण, पण मोठे कारण यकृतात सापडले. अशी औषधे निकामी करणारे एक विकर या जातीत मंद गतीने काम करते. प्रोपोफोल हे आज सर्वत्र वापरले जाणारे औषधही त्यांच्या शरीरातून हळू बाहेर पडते. ग्रेहाउंडला भूल देताच येत नाही असा याचा अर्थ नाही. योग्य औषध, मोजका डोस आणि उठेपर्यंत जवळ माणूस एवढी व्यवस्था असली की रोज शेकडो ग्रेहाउंडना सुरक्षित भूल दिली जाते. टेबलावर त्याचे अंग लवकर गार पडते, म्हणून गरम गादी लागते. भीतीने तेच अंग तापतेही. त्यामुळे नेमकी वेळ ठरवून नेणे आणि तासन्‌तास पिंजऱ्यात ताटकळत न ठेवणे हे त्याच्या हिताचे.

यापेक्षाही कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेनंतर उशिरा सुरू होणारा रक्तस्राव. ओहायोच्या गटाने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नसबंदी झालेल्या 88 ग्रेहाउंडपैकी 26 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर 36 ते 48 तासांनी रक्तस्राव सुरू झाला. टाके नीट होते, शस्त्रक्रियेत चूक नव्हती, गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्याही ठीक होत्या. रक्ताची गुठळी तयार होत होती, पण शरीर ती फार लवकर विरघळवत होते. पुढे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी या प्रवृत्तीशी जोडलेला जनुकीय बदल शोधला आणि आता त्याची चाचणीही होऊ शकते. गुठळी टिकवून धरणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड किंवा अमिनोकॅप्रोइक ॲसिड ही औषधे शस्त्रक्रियेच्या सुमारास सुरू करून काही दिवस दिली की धोका बराच कमी होतो.

यातून पालकांनी करायचे ते असे. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, मग ती दात काढण्याची का असेना, तर या औषधाबद्दल आधी बोलून घ्यावे. घरी आणल्यावर पहिली रात्र शांत गेली म्हणून निर्धास्त होऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाक्यांभोवती झपाट्याने पसरणारी जांभळी सूज, पोटाखाली किंवा मांडीवर उतरलेला काळानिळा डाग, फिक्या हिरड्या, धापा, उठायची अनिच्छा यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी शस्त्रक्रिया ठेवू नये. नेमके धोक्याचे तास शनिवार-रविवारी येतात आणि नेहमीचा दवाखाना बंद असतो.

दातांचा प्रश्न इतका सार्वत्रिक आहे की तो वयाचा भाग समजून सोडून दिला जातो. ब्रिटनमध्ये रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अभ्यासकांनी 2016 सालातल्या पाच हजारांहून अधिक ग्रेहाउंडच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. त्यात 39 टक्के कुत्र्यांना दातांचे दुखणे होते. इतर कोणत्याही तक्रारीपेक्षा हे प्रमाण कितीतरी अधिक. ट्रॅकच्या कोठडीतला मऊ आहार, दात घासण्याची सवय नसणे आणि बहुधा जातीची ठेवण या सगळ्याचा त्यात वाटा असावा. कुत्रा घरी आला की पहिल्याच महिन्यात तोंड तपासून घ्यावे. कीटण जाड असेल तर भूल देऊन एकदा स्वच्छता आणि लागतील ते दात काढणे, आणि त्यानंतर रोज घासणे. कुत्र्यांसाठीचीच पेस्ट वापरावी. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असते आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. सुरुवातीला बोटावर पेस्ट घेऊन चाटू द्यावी, मग ओठ उचलून पुढच्या दातांवरून बोट फिरवावे, ब्रश दोन-तीन आठवड्यांनी. ग्रेहाउंडला हाताळणीची सवय असते, त्यामुळे तो इतरांपेक्षा लवकर तयार होतो. दुखरे दात काढल्यावर कित्येक कुत्री अचानक खेळायला लागतात. तोवर त्यांचे गप्प बसणे ‘स्वभाव शांत आहे’ म्हणून खपून गेलेले असते.

पायांबद्दल सविस्तर सांगायला हवे.

ग्रेहाउंड शर्यती घड्याळाच्या उलट्या दिशेने धावल्या जातात. ताशी 60 ते 70 किलोमीटर वेगाने डावीकडे वळताना उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर प्रचंड दाब येतो आणि त्यातले एक लहान हाड मोडणे ही या खेळाची ठरलेली दुखापत आहे. पुष्कळ कुत्री याच कारणाने निवृत्त होतात. हाड जुळते, कुत्रा चालू लागतो, पण त्या सांध्यात पुढे संधिवात होण्याची शक्यता राहते. बोटांचे सांधे निखळणे, मांडीच्या आतला स्नायू फाटणे याही ट्रॅकवरच्याच खुणा. म्हणून दत्तक घेताना संस्थेकडून दुखापतींच्या नोंदी आणि एक्स-रे असतील तर मागून घ्यावेत. अमेरिकी कुत्र्याच्या कानात गोंदवलेला क्रमांक असतो. उजव्या कानावर जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा अंक आणि भावंडांतला क्रम, तर डाव्या कानावर पिलांच्या खेपेचा नोंदणी क्रमांक. त्यावरून वय आणि शर्यतींचा इतिहास शोधता येतो. कुठल्या पायाला कधी काय झाले होते हे कळले तर चार वर्षांनी तोच पाय दुखू लागल्यावर डॉक्टरला सुरुवात कुठून करायची ते समजते.

दुसरे दुखणे म्हणजे कुरूप. माणसाच्या तळपायाला होते तसे, पण कुत्र्यांमध्ये ते जवळजवळ फक्त ग्रेहाउंड आणि त्याच्या नात्यातल्या जातींतच दिसते. पंजाखालच्या गादीवर, बहुधा पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांपैकी एकावर, गोल कडक ठिपका येतो. त्याची ओळख सोपी आहे. कुत्रा गवतावर नीट चालतो आणि डांबरी रस्ता किंवा फरशी आली की लंगडतो. ओल्या कापडाने गादी पुसून उजेडात पाहिली की ठिपका उठून दिसतो. कोमट पाण्यात पाय भिजवणे, पशुवैद्याकडून कुरूप कोरून काढणे, बाहेर जाताना मऊ तळाचा मोजा घालणे याने आराम पडतो, पण ते परत येते. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांनी अलीकडे त्या बोटाचा वाकवणारा कंडरा तोडण्याची छोटी शस्त्रक्रिया रुळवली आहे. बोटाच्या टोकावरचा दाब कमी झाला की अनेक कुत्र्यांमध्ये कुरूप हळूहळू जाते. माणसांच्या कुरपावर लावायच्या ॲसिडच्या पट्ट्या मात्र लावू नयेत. कुत्रा त्या चाटतो.

नखे वाढली की बोटे वर उचलली जातात आणि जुन्या दुखापती उसळतात. दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कापावीत, एवढे पुरे.

आता सर्वांत कठीण विषय. ग्रेहाउंडमध्ये हाडाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर बहुतेक जातींपेक्षा बरेच जास्त आहे. सात-आठ वर्षांपुढे पायाचे कुठलेही लंगडणे ‘मुरगळले असेल’ म्हणून महिनाभर सोडून देऊ नये. या गाठी पुढच्या पायात खांद्याजवळ किंवा मनगटाच्या वर, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास अधिक होतात. वेदनाशामकाने दोन दिवस बरे वाटते, मग लंगडणे परत येते. हाडावर हलके दाबल्यावर कुत्रा पाय ओढून घेतो, कधी कडक सूज हाताला लागते. आठवडाभराच्या विश्रांतीत फरक पडला नाही तर एक्स-रेचा आग्रह धरावा. ग्रेहाउंड वेदना दाखवत नाही. तो विव्हळत नाही, फक्त जिना चढायचे टाळतो, गाडीत उडी मारण्याआधी थबकतो, अंथरुणावर कूस बदलत राहतो. तो ओरडला नाही म्हणून दुखत नाही असे मानणे ही त्याच्यावर अन्याय करणारी समजूत आहे.

निदान झाल्यावर पाय काढणे आणि त्यानंतर केमोथेरपी हा नेहमीचा मार्ग. एकूण कुत्र्यांमध्ये यानंतरचे आयुष्य सरासरीने दहा-बारा महिन्यांच्या आसपास मिळते. नुसता पाय काढला तर चार-पाच महिने. बरे होण्याची हमी कोणी देत नाही, आणि ज्या कुटुंबाने केवळ वेदना कमी करण्याचा मार्ग निवडला त्याने कमी प्रेम केले असे मुळीच नाही. पण ‘एवढा मोठा कुत्रा तीन पायांवर कसा जगेल’ या भीतीपोटी शस्त्रक्रिया नाकारू नये. दुखरा पाय गेला की बहुतेक ग्रेहाउंड दोन-तीन दिवसांत उभे राहतात आणि काही आठवड्यांत फिरायलाही लागतात. त्यासाठी उरलेले तीन पाय आणि कणा धड आहे का, छाती स्वच्छ आहे का हे आधी पाहिले जाते. इथेही रक्ताचे ते निराळे माप आड येते. ग्रेहाउंडच्या पांढऱ्या पेशी मुळातच कमी असल्याने केमोच्या पुढच्या फेरीआधी तक्त्याकडे नव्हे, त्या कुत्र्याच्या जुन्या अहवालाकडे पाहून निर्णय घ्यावा लागतो. आणि रक्तस्रावाचे ते औषध पाय काढतानाही तितकेच आवश्यक.

कातडीचे आणि हवामानाचे थोडक्यात. ग्रेहाउंडची कातडी पातळ असते. काटेरी तार किंवा मोडकी फांदी लागली की ओरखड्याऐवजी मोठी चीर पडते. घरात निर्जंतुक जाळीचे कापड, सलाइन आणि सैल बँडेज ठेवावे. चीर ओल्या स्वच्छ कापडाने झाकून टाके घालायला न्यावे. शेपूट लांब आणि बारीक, आनंदाने भिंतीवर आपटून तिचे टोक फुटते. थंडीत फिरायला नेताना अंगरखा घालावाच, तो लाडाचा प्रकार नाही. उन्हाळ्यात धोका अधिक. एवढ्या स्नायूंतून निर्माण होणारी उष्णता धावताना भराभर चढते, म्हणून मेलबर्नच्या किंवा ॲडलेडच्या चाळीस अंशांच्या दिवशी पहाटे आणि रात्रीच बाहेर काढावे. धाप थांबत नाही, जीभ गडद लाल झाली, पाय लटपटतात असे दिसले तर आधी तिथेच भरपूर पाणी ओतून, वारा घालून अंग गार करावे आणि मग दवाखान्यात न्यावे.

वजनाबाबत पाहुणे हमखास बोलतात, ‘याला खायला घालत नाही का?’ शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे किंचित दिसणे हे ग्रेहाउंडचे निरोगी रूप आहे. ट्रॅकवरच्या वजनापेक्षा एक-दोन किलो वाढले की थांबावे. अधिकचा प्रत्येक किलो त्या जुन्या घोट्यावर पडतो. नवे अन्न आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावे, नाहीतर जुलाब ठरलेले. मराठी घरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. कांदा-लसणाची फोडणी कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक असते आणि बेदाणे, मनुका त्याच्या मूत्रपिंडाला. दिवाळीत चिवड्याची वाटी किंवा शिऱ्याची ताटली टीपॉयवर ठेवलेली असते आणि ग्रेहाउंडचे तोंड नेमके त्या उंचीवर येते. पाहुण्यांच्या मुलांनाही हे आधीच सांगून ठेवावे. क्रोसिन, आयबुप्रोफेन अशी घरातली औषधे स्वतःच्या अंदाजाने कधीही देऊ नयेत.

शरीराइतकेच मनाचे सावरणे महत्त्वाचे, आणि इथेही माप निराळे. पहिले काही दिवस कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो, काही मागत नाही, कशालाही विरोध करत नाही. लोक म्हणतात किती शहाणा आहे. बहुतेक वेळा तो घाबरून थिजलेला असतो. दत्तक संस्था तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ अंदाज सांगतात. तीन दिवसांत भीती ओसरायला लागते, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत खरा स्वभाव बाहेर येतो. काहींना वर्षही लागते. या काळात पाहुणे, बाजार, समारंभ यांपासून त्याला दूर ठेवावे आणि खाणे, फिरणे, झोपणे यांच्या वेळा पाळाव्यात. कोठडीत त्याचा दिवस घड्याळावर चालत असे. तोच आधार घरात मिळाला की तो लवकर रुळतो.

त्याने जिना पाहिलेला नसतो. काचेचे दार, आरसा, गुळगुळीत फरशी, वॉशिंग मशीनचा आवाज, सगळे पहिल्यांदाच. काचेला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कागदी पट्ट्या चिकटवाव्यात. फरशीवर सतरंज्यांची वाट करून द्यावी. जिना शिकवताना एकाने मागून आधार द्यावा आणि दुसऱ्याने एकेक पाय उचलून पायरीवर ठेवावा. चढणे लवकर येते, उतरणे उशिरा. फिरताना काही ग्रेहाउंड मध्येच पुतळ्यासारखे उभे राहतात. अशा वेळी ओढू नये, रागावू नये. क्षणभर थांबून थोडे वळण घेऊन दुसऱ्या दिशेला चालावे, तो मागे येतो.

झोपेचा नियम घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, पहिल्याच दिवशी सांगावा. बरेच ग्रेहाउंड उघड्या डोळ्यांनी झोपतात. कोठडीत झोपल्यावर त्यांना कोणी हात लावलेला नसतो, त्यामुळे अचानक स्पर्श झाला की काही जण गुरगुरत उठतात, क्वचित चावतात. हा राग नव्हे, दचकणे आहे. आधी नाव घेऊन हाक मारावी, मान उचलून पाहिले की मगच जवळ जावे. त्याचे अंथरुण जाण्यायेण्याच्या वाटेवर नसावे आणि त्यावर मुलांनी चढू नये.

एकटे राहणे त्याला शिकवावे लागते, कारण तो जन्मापासून दहा-वीस कुत्र्यांच्या सोबतीत वाढलेला असतो. पहिल्या आठवड्यापासूनच दोन मिनिटे, पाच मिनिटे, पाव तास असे बाहेर जाऊन यावे. महिनाभर रजा घेऊन त्याच्याजवळ बसायचे आणि मग एकदम आठ तास घर बंद करून जायचे, याने घबराट पक्की होते. नोव्हेंबरच्या सुमारास ब्रिटनमध्ये दिवाळी आणि गाय फॉक्सचे फटाके पाठोपाठ येतात. त्या दिवसांत संध्याकाळचे फिरणे अंधार पडण्याआधी उरकावे, पडदे ओढावेत, आणि गरज वाटल्यास पशुवैद्याकडून भीती कमी करणारे औषध आधीच आणून ठेवावे.

ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते, म्हणून साधा पट्टा सरकून निघतो. त्याला आवळणारा रुंद पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही घालणे सर्वांत सुरक्षित. आपोआप लांब होणारी दोरी वापरू नये. काही उड्यांत तो एवढा वेग घेतो की दोरी संपताना बसणारा हिसका मानेला जबर इजा करू शकतो. कुंपण नसलेल्या जागी मोकळे सोडू नये, तो कितीही आज्ञाधारक वाटला तरी. समोर ससा किंवा मांजर धावले की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1 जानेवारी 2019 पासून पाळीव ग्रेहाउंडना मुसके घालण्याची सक्ती काढली, पण दोरीची सक्ती कायम ठेवली, ती याच कारणाने. जाळीच्या मुसक्याची लाज वाटून घेऊ नये. ट्रॅकवरच्या कुत्र्याला त्याची सवय असते, त्यातून त्याला पाणी पिता येते आणि धापाही टाकता येतात. घरात मांजर असेल तर पहिल्या भेटी मुसके घालूनच व्हाव्यात.

महाराष्ट्रात निवृत्त शर्यती ग्रेहाउंड दत्तक घेण्याची पद्धत नाही. पण कारवान आणि मुधोळ ही आपल्याकडची शिकारी कुत्री याच बांध्याची आहेत. बारीक कंबर, पातळ कातडी, चरबी नावापुरती. त्यांच्यावर ग्रेहाउंडइतके संशोधन झालेले नाही, त्यामुळे वरचे आकडे जसेच्या तसे त्यांना लावू नयेत. तरीही भूल देण्यापूर्वी डॉक्टरला जात आणि बांधा स्पष्ट सांगणे, मोजका डोस मागणे, टेबलावर अंग गरम ठेवायला लावणे आणि निरोगी असताना रक्त तपासून ठेवणे, एवढे कोणताही कारवान पाळणारा लातूर-सोलापूरकडेही करू शकतो.

शेवटी रक्तदानाबद्दल. ग्रेहाउंडच्या त्याच दाट रक्तामुळे आणि त्यांच्यातल्या अनेकांचा रक्तगट दुसऱ्या कोणत्याही कुत्र्याला चालण्याजोगा असल्यामुळे पशुरक्तपेढ्यांना हे दाते हवेच असतात. ब्रिटनमध्ये 2007 पासून ‘पेट ब्लड बँक यूके’ ही धर्मादाय संस्था हे काम करते. दाता एक ते आठ वर्षे वयाचा, 25 किलोंहून अधिक वजनाचा, लसीकरण पूर्ण झालेला आणि अनोळखी माणसांनी हाताळलेले चालणारा लागतो. मानेवरचे थोडे केस काढून साधारण 450 मिलिलिटर रक्त घेतात, त्यासाठी भूल लागत नाही. एका दानातून चार कुत्र्यांपर्यंत मदत होऊ शकते. आपला ग्रेहाउंड घरात पुरता रुळला असेल, दात आणि पाय ठीक असतील आणि टेबलावर तो शांत उभा राहत असेल, तर जवळच्या दवाखान्यात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात दात्यांच्या यादीत त्याचे नाव घेतात का, याची चौकशी करावी. नोंदणीच्या वेळी त्याची रक्ततपासणीही होते आणि तो अहवाल त्याच्या फाइलमध्ये ठेवता येतो.